कोरा रकाना

फेलिम ड्वायर, तुला हे कधी बोललो नाही.
चौऱ्याऐंशीचा सप्टेंबर, ओहायोतलं ते मैदान.
डाव्या अंगाला कुंपण नव्हतं, भोपळ्यांचं शेत होतं,
चेंडू वेलींत शिरला की म्हातारा श्रॅडर
काठी घेऊन खेळाडूंच्या मागे लागायचा.
तिथे सफरचंदांच्या खोक्यावर बसून मी गुण लिहायचो.
सामन्याला पन्नास सेंट. पेन्सिल माझी.

एनॉस क्विम्बी चेंडू टाकत होता.
आठवडाभर कातडी कमावून
हातांना चुन्याचा वास, नखं पिवळी,
आणि त्याच हातांतून चेंडू असा सुटायचा
की आधी कॅचरच्या तळव्याचा आवाज,
मग फलंदाजाची बॅट हवेत.
कॅचरला हातमोजा कसला!
दोन चेंडूंच्या मधे तो हात बादलीत बुडवून घेई,
संध्याकाळी बादलीतलं पाणी गुलाबी.

त्या गोष्टीला तेव्हा नाव नव्हतं.
हल्लीची पोरं पाचव्या डावापासून गप्प होतात,
पिचरच्या बाकावर कुणी टेकत नाही, दृष्ट लागेल म्हणून.
तेव्हा कुणीच गप्प बसलं नाही.
बँड वाजत होता, चर्चच्या बायका केक विकत होत्या,
आणि मी, शुद्धलेखनाला विटलेल्या पोरासारखा,
शून्यामागून शून्य गिरवत होतो.
शेतात भोपळे, वहीत भोपळे.

मग आठवा डाव.
त्यांचा तो लोहार, नाव आठवत नाही,
त्याच्या बॅटवरून चेंडू तुझ्याकडे निघाला
जमीन घासत, अगदी गरीब गाईसारखा,
आणि शेवटच्या वीतभरात ढेकळावर आपटून
छातीइतका उसळला.
तुझं मधलं बोट जूनमध्येच मोडलेलं,
वाकडं सांधलेलं. मला ठाऊक होतं.
चेंडू त्या बोटाला चाटून गवतात पडला.
लोहार पहिल्या बेसवर उभा, पँट झटकत.

सगळं मैदान पुढच्या चेंडूकडे वळलं.
मी एकटा मागे उरलो, पेन्सिलीला थुंकी लावत.
तेव्हा पहिल्यांदा तो रकाना वरून खाली पाहिला:
कोरा. साडेसात डाव, एकही फटका नाही.
ढेकळाचा दोष ढेकळाच्या नावे मांडता येत नाही,
वहीत तशी सोय नाही.
एक तर लोहाराचा फटका, नाही तर तुझी चूक.

मान वर केली. तू माझ्याचकडे बघत होतास,
बोट काखेत दाबून.
आणि मान हलवलीस, इतकुशी,
वाण्याच्या दुकानात माणूस हलवतो तशी:
लिही माझ्या खात्यावर.

लिहिलं.

क्विम्बीला वसंतात क्लीव्हलँडवाले घेऊन गेले,
दोन वर्षांनी खांदा गळून तो परत चुन्याच्या हौदाशी.
तुला तर ऑक्टोबरातच काढलं.
मालकाने माझीच वही उघडून बेरीज केली,
चुका फार, म्हणाला, हात दगडाचे.
मी दिव्याची वात सारखी करत राहिलो.
तू नेब्रास्काकडे गेलास, रुळांच्या कामावर,
एवढंच कुणीतरी सांगितलं.

एकदा चाकूच्या टोकाने ती खूण खरवडायला घेतली होती.
कागद पातळ. तुझी चूक निघाली असती,
पण खालचं त्याचं पान फाटलं असतं.
चाकू मिटला.

अजून एक कोडं सुटत नाही, फेलिम.
तो गोंगाट, तो बँड, ते सुजलेलं बोट,
आणि वही तर माझ्या मांडीवर.
म्हणजे तूही मोजत होतास.
पहिल्या डावापासून?